लान्चिया ऑरेलिया बी२० जीटी – फेरारीच्या मागोमाग आलेली दोन लिटरची गाडी

गॅरेजकर:

मागच्या आठवड्यात पहिली खरी जीटी (ग्रान टुरिस्मो, म्हणजे लांबचा प्रवास आरामात आणि जोरात करणारी गाडी) कुठली ह्यावरून इथे जी जुंपली होती त्यात फेरारी झाली, मासेराटी झाली, कोणीतरी जॅग्वारसुद्धा घुसवली, पण लान्चियाचं नाव एकाही पठ्ठ्याने काढलं नाही. म्हणून हा वेगळा धागा. लांबणार आहे, आधीच सांगतो.

१९५१ ची मिल्ले मिलिया रेस घ्या. ब्रेशियाहून निघायचं, खाली रोमपर्यंत जायचं आणि परत ब्रेशिया, साधारण हजार मैल, सगळे साधे गावागावांतून जाणारे रस्ते आणि त्या वर्षी वरून पाऊस. पहिला आला लुइजी विल्लोरेझी, फेरारी ३४० अमेरिका, बारा सिलिंडर, ४.१ लिटर. त्याच्यामागून वीसेक मिनिटांत दुसरा आला जोवान्नी ब्राक्को, शेजारी उंबेर्तो माल्योली, आणि गाडी होती लान्चिया ऑरेलिया बी२०. इंजिन १९९१ सीसी, म्हणजे फेरारीच्या निम्म्याहून कमी. वर पत्र्याचं छप्पर, आत गुबगुबीत सीट, मागे सामानाला जागा. टूरिनच्या मोटर शोमध्ये ती लोकांसमोर आली तीही त्याच एप्रिल महिन्यात. कारखान्याने ब्राक्कोची गाडी थोडीफार ट्यून केली असणारच, पण मुळात शोरूममधल्या गाडीचं इंजिन ७५ हॉर्सपॉवरचं होतं हे लक्षात घ्या, आजच्या साध्या हॅचबॅकएवढं.

दोनच महिन्यांनी ल मॉन्सला ब्राक्को आणि लुरानीने दोन लिटरचा वर्ग मारला. पुढच्या वर्षी सिसिलीत तार्गा फ्लोरिओ, तिथे पहिल्या तिन्ही नंबरांवर बी२०: बोनेत्तो, वालेन्झानो, आन्सेल्मी. १९५३ मध्ये लिएज-रोम-लिएज रॅली क्लाएसने जिंकली, १९५४ ला मॉन्टे कार्लो लुई शिरोंने. आणि १९५८ मध्ये, गाडीचं मॉडेल म्हातारं होऊन बंद व्हायच्या वाटेवर असताना, अॅक्रोपोलिस रॅली कोणी जिंकली बघा – विल्लोरेझीनेच, आणि ह्या वेळी तो फेरारीत नाही, ऑरेलियात बसला होता!

माझं म्हणणं सरळ आहे. ताकद कमी होती, तरी ही गाडी पुढे गेली कारण वजन कुठे ठेवायचं ह्यावर लान्चियाच्या माणसांनी जेवढा विचार केला तेवढा तेव्हा कोणीच केला नव्हता. इंजिन पुढे, ते ठीक. पण क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि मागचे ब्रेक ड्रम हे सगळं एका अॅल्युमिनियमच्या खोक्यात घालून मागच्या चाकांच्या मध्ये बसवलेलं. त्यामुळे पुढे-मागे वजन जवळपास सारखं वाटलं जातं, आणि ब्रेक ड्रम चाकात नसल्यामुळे चाकं हलकी, खड्ड्यावरून गेली की पटकन रस्ता धरतात. आज ह्याला सगळे ट्रान्सअॅक्सल म्हणतात. फेरारीने हे रस्त्यावरच्या गाडीत २७५ जीटीबीला आणलं, १९६४ मध्ये. अल्फाची अल्फेट्टा १९७२ ची, पोर्शची ९२४ त्यानंतरची. ऑरेलिया १९५० ची.

तिसरा गिअर:

वाचतोय, मस्त लिहिलंय. एक शंका, ऑरेलिया १९५० म्हणताय आणि बी२० १९५१ ला आली म्हणताय, ह्या दोन वेगळ्या गाड्या का? आणि ती जगातली पहिली व्ही-६ होती असं कुठेतरी वाचलेलं, खरंय का ते? व्ही-८ तर त्याच्या कितीतरी आधी होती मग सहाचीच एवढी पंचाईत का झाली?

गॅरेजकर:

@तिसरा गिअर, घराणं एकच. आधी १९५० ला बी१० आली, ती चार दरवाज्यांची सेडान, १७५४ सीसी, ५६ हॉर्सपॉवर. पुढचे-मागचे दरवाजे मधोमध विरुद्ध बाजूंना उघडायचे आणि दोन्हीच्या मध्ये खांबच नाही, उघडले की गाडीची अख्खी बाजू मोकळी. मिशेलिन एक्स हे रेडियल टायर कंपनीतूनच बसवून आलेली ही पहिली गाडी मानतात. मग तिचाच पाया आखूड करून, इंजिन दोन लिटरचं करून जी दोन दरवाज्यांची कूपे केली ती बी२०.

व्ही-६ बद्दल, हो, नियमित उत्पादनातली पहिली. आणि पंचाईत म्हणाल तर ती कंपनाची. सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन स्वतःचं स्वतः तोललेलं असतं, तशी दोन जोडली की व्ही-१२, तीही गुळगुळीत. पण व्ही-६ म्हणजे तीन-तीनच्या दोन रांगा, आणि तीनची रांग फिरायला लागली की पुढून-मागून डोलायला बघते. शिवाय क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या दांड्यावर, समोरासमोरचे दोन पिस्टन एकाच पिनवर अडकवले तर साठ अंशांच्या व्ही-मध्ये ठिणग्या समान अंतराने पडत नाहीत, इंजिन लंगडत चालतं.

फ्रान्चेस्को दे विर्जिलिओ नावाचा तरुण इंजिनीयर युद्ध चालू असताना हे गणित घेऊन बसला. १९४३ पासून म्हणजे इटलीची पार वाताहत चाललेली, टूरिनवर बॉम्ब पडतायत आणि हा कागदावर क्रँकचे कोन मांडतोय. त्याने सहा कनेक्टिंग रॉडना सहा वेगळ्या पिना दिल्या, कोन साठ अंशांचा ठेवला, म्हणजे दर १२० अंशांनी एक ठिणगी, आणि जी डोलण्याची खोड उरली ती क्रँकच्या काउंटरवेटने मारली. त्याआधी कमी कोनाची प्रोटोटाइप इंजिनं करून लान्चियाच्याच जुन्या अॅप्रिलिया गाडीत बसवून पळवून बघितली होती. फायदा काय, तर सहाचा गुळगुळीतपणा आणि लांबी चारच्या इंजिनाएवढी. ब्लॉक-हेड अॅल्युमिनियमचे, म्हणजे वजनही कमी. आज कुठल्याही मोठ्या ब्रँडची व्ही-६ उघडा, ह्या माणसाचं गणित आत आहे. नाव मात्र किती जणांना माहीत असतं?

त्याच्यावरचा साहेब होता वित्तोरिओ यानो.

खडखडाट:

यानोचं नाव काढलंत म्हणून लिहितो. बी२० ला 'पहिली जीटी' म्हणणं मला मान्य नाही. ग्रान टुरिस्मो हे नाव अल्फा रोमिओने ६सी १७५० वर १९३० च्या आसपासच लावलं होतं. चिझितालिया २०२ ऑरेलियाच्या आधीची, तिचं सौंदर्य तर न्यूयॉर्कच्या म्युझियमने उचलून ठेवलंय. फेरारी १६६ च्या बंद गाड्याही आधीच्या. इटलीतल्या रेसमध्ये ग्रान टुरिस्मो असा वर्गपण तेव्हा होताच. मग लान्चियाने नवीन काय केलं? लान्चियाप्रेमी लोकांचं हे नेहमीचंच आहे, सगळ्या गोष्टी ह्यांनीच आधी शोधल्या. 😀

गॅरेजकर:

खडखडाट, ६सी १७५० कोणी बनवली सांगा बरं? यानोनेच! म्हणजे तीसच्या आसपास अल्फात ज्याने ग्रान टुरिस्मो केली तोच माणूस वीस वर्षांनी लान्चियात बसून ऑरेलियावर देखरेख करतोय. तुमच्या उदाहरणाने माझीच बाजू भक्कम झाली.

आता मुद्द्याचं. चिझितालिया दिसायला अप्रतिम, वादच नाही, पण आत इंजिन फियाट ११०० चं आणि एकूण गाड्या झाल्या दोनशेच्या आत. फेरारी १६६ म्हणजे रेसची गाडी, तिच्यावर छप्पर चढवलेलं, बायको शेजारी बसवून सहाशे किलोमीटर नेली तर परतीला ती ट्रेनने येईल. पूर्वीच्या ग्रान टुरिस्मो गाड्या म्हणजे चॅसिस एकाकडून घ्या, बॉडी दुसऱ्याकडून करून घ्या, असा मामला. बी२० हजारोंनी बनली, चार हजारांच्या थोड्या आत, वेगळी चॅसिस नाही, पूर्ण बॉडीच भार घेते, आणि ती शोरूममधून निघून सकाळी ऑफिसला जाईल आणि रविवारी रेसला. जीटी म्हणजे काय हे लोकांना त्या गाडीकडे बघून कळलं. बिल्ला आधी कोणी लावला ह्याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही.

पोहेवाली:

मी टूरिनलाच असते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. गाड्यांमधलं मला शून्य कळतं पण ह्या गाडीत बसलेय म्हणून लिहायला हात शिवशिवतायत. आमच्या घरमालकांच्या मेव्हण्याकडे आहे एक राखाडी रंगाची, सिन्योर ऐंशीच्या घरातले, रविवारी काढतात. सीट चामड्याच्या असतील असं मला वाटलेलं तर नाही, लोकरीचं कापड, जाडसर, कोटाचं असतं ना तसं. ते म्हणाले लान्चियावाले कापडच पसंत करायचे, चामडं उन्हात तापतं आणि वळणावर माणूस घसरतो. स्टीअरिंग उजव्या बाजूला!! मी विचारलं तुम्ही तर रस्त्याच्या उजवीकडून चालवता मग हे काय, तर म्हणे डोंगरातल्या रस्त्यावर कडा कुठे संपतो ते चालवणाऱ्याला दिसायला हवं. समोरून ट्रक आला तर दिसायला नको का असं मनात आलं पण बोलले नाही.

सुपेर्गा टेकडीच्या चढावर नेली आम्हाला. आवाज आपल्या डोक्यात स्पोर्ट्स कारचा असतो तसा अजिबात नाही, एक दबका घरघराट, आणि मग जरा पाय दिला की आवाजाला धार येते. वळणावर मी हँडल धरून बसलेले, काही गरज नव्हती, गाडी झुकतच नाही फारशी. मागून मात्र एक बारीक कुंईं असा आवाज सतत येत होता तो काय असतो? मला वाटलं काहीतरी बिघडलंय.

गॅरेजकर:

पोहेताई, जळलो. अक्षरशः जळलो. तो आवाज मागच्या गिअरबॉक्सचा, तुमच्या सीटच्या जवळच आहे ना तो. नेहमीच्या गाडीत गिअरबॉक्स पुढे असतो म्हणून मधला लांब शाफ्ट गिअरनुसार हळू-जोरात फिरतो. ह्यात गिअरबॉक्स मागे, त्यामुळे शाफ्ट कायम इंजिनच्या स्पीडने गरगरतो, पाच हजारावर इंजिन तर पाच हजारावर शाफ्ट. तो तसूभर जरी वाकडा असला तरी अख्खी गाडी थरथरणार, म्हणून शाफ्टचे तुकडे पाडून मध्ये रबरी कपलिंग दिलेत. ही कपलिंग जुनी झाली की बदलताना मेकॅनिक रडतात असं ऐकून आहे. आणि मागचे ब्रेक चाकात नसून मधोमध गाडीच्या पोटाखाली, त्यांना हवा कमी मिळते, घाट उतरताना तापतात. फुकटात काही मिळत नाही.

उजव्या स्टीअरिंगचं कारण सिन्योरनी बरोबर सांगितलं, तेव्हा बड्या इटालियन गाड्यांचा तो थाटच होता. बी२० च्या एकूण सहा सिरीज, म्हणजे सुधारत काढलेल्या आवृत्त्या, झाल्या; डावं स्टीअरिंग चौथ्या सिरीजपासून मिळायला लागलं, १९५४ ला.

कुर्ला कारशेड:

फोटो बघितले नेटवर. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खाली! अरे हे तर आपल्या पद्मिनीसारखं. माझे वडील प्रीमियरमध्ये कुर्ल्याला होते, आमच्या घरात फियाट ११०० शिवाय दुसऱ्या गाडीला गाडी म्हणायची पद्धत नव्हती. टॅक्सीवाल्यांचा तो डाव्या हाताचा झटका, वर ढकलून आत ओढायचं, नवशिक्याला रिव्हर्सच सापडायचा नाही. एवढ्या भारी रेस जिंकणाऱ्या गाडीला हा दांडा कसा काय? रेसमध्ये गिअर कसे बदलत असतील, तेही मागच्या टोकाला असलेल्या गिअरबॉक्सचे?

गॅरेजकर:

काका, ते रॉड आणि सांधे पुढून मागेपर्यंत गेलेले असतात, एवढ्या लांबून बदलायचं म्हणजे थोडं ढिलं लागणारच. पण ऑरेलियाच्या कॉलम-गिअरला लोक नावं ठेवत नाहीत, चांगला अॅडजस्ट केलेला असेल तर. ज्यांना पटायचं नाही ते टूरिनच्या नार्डीकडे जायचे, हो तोच लाकडी स्टीअरिंगवाला. त्याचं किट यायचं, जमिनीवरचा गिअर आणि जोड कार्ब्युरेटर. आज जुन्या गाड्यांच्या बाजारात नार्डी किट असलेली बी२० म्हणजे मिरवायचं काम.

आणि तुमच्या फियाट ११०० नेही मिल्ले मिलियात भाग घेतलाय बरं का, छोट्या वर्गात ढिगाने असायच्या.

पैसा वसूल:

सगळं ऐकलं. मला एक सांगा, एवढी हुशारी होती तर कंपनी बुडाली का? एक गाडी बनवायला जेवढा खर्च येतो तेवढ्यात ती विकत असतील तर इंजिनीयर कितीही थोर असो, उपयोग काय? गेली कित्येक वर्षं लान्चिया म्हणजे छोट्या इप्सिलॉन विकून जगणारी कंपनी. आपल्याकडे दुकानदारालासुद्धा कळतं की माल किती चांगला ह्याच्याआधी मार्जिन बघावं. मला तर हा शहाणपणाचा नाही, हौसेचा इतिहास वाटतो.

गॅरेजकर:

पैसा वसूल, नाव शोभतं तुम्हाला. मुद्दा रास्त आहे.

थोडं मागे जावं लागेल. संस्थापक विन्चेन्झो लान्चिया स्वतः आधी फियाटचा रेसर, १९०६ ला कंपनी काढली. १९२२ ची त्याची लॅम्ब्डा बघा, बॉडीच चॅसिस, पुढची चाकं वेगवेगळी उडणारी, बाकीचे तेव्हा घोडागाडीच्या पाट्यांवर गाड्या बांधत होते. तो १९३७ ला अचानक गेला. युद्धानंतर पोरगा जान्नी गादीवर आला तेव्हा पंचविशीतसुद्धा नव्हता. ऑरेलिया झाली ती जान्नीच्या जिवावर. इथपर्यंत ठीक होतं, पण मग त्याला रेसचं वेड लागलं. खास रेसच्या डी२० पासून सुरुवात, मग डी२३, डी२४. १९५३ ची मेक्सिकोतली कार्रेरा पानअमेरिकाना, फांजिओ पहिला, लान्चियाच एक-दोन-तीन, पण त्याच रेसमध्ये तार्गावाला बोनेत्तो अपघातात गेला. १९५४ ची मिल्ले मिलिया अस्कारीने डी२४ मध्ये जिंकली. आणि लगेच फॉर्म्युला वन, यानोची डी५०, पेट्रोलच्या टाक्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्ये टांगलेल्या, परत तेच, वजन मधोमध.

आता हे सगळं कशाच्या पैशावर? वर्षाला मूठभर महागड्या गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या. त्यात टूरिनमध्ये कंपनीची उंच इमारत बांधायला काढलेली. २२ मे १९५५, मोनॅकोची रेस, अस्कारी डी५० सकट बंदरातल्या पाण्यात गेला, पोहत वर आला, चारच दिवसांनी मोंझाच्या ट्रॅकवर दुसऱ्याच कोणाची फेरारी सहज चालवून बघायला घेतली आणि त्यात मेला. कंपनीचा खजिना आधीच रिकामा होता, ह्याने जान्नीचं मनच उडालं त्यातून. जुलैत डी५० गाड्या, सुटे भाग, सगळं उचलून फेरारीला देऊन टाकलं, फियाटने मध्ये पडून फेरारीला पैशाचीही सोय करून दिली. यानोही तिकडे गेला. पुढच्या वर्षी फांजिओ वर्ल्ड चॅम्पियन झाला तो ह्याच लान्चियाच्या पोटातून निघालेल्या गाडीत, नाकावर घोडा फेरारीचा. कंपनी सिमेंटवाल्या पेझेन्तींकडे गेली आणि १९६९ ला फियाटकडे.

म्हणून मी म्हणेन कंपनी ऑरेलियाने नाही बुडवली, फॉर्म्युला वनने बुडवली. ऑरेलिया महाग होती, पण विकली जात होती, मोठमोठे रेसर स्वतःच्या पैशाने घेऊन वापरत होते.

पैसा वसूल:

म्हणजे बापाने कमावलं आणि पोराने रेसमध्ये उडवलं. हे आमच्या पेठेतही बघितलंय, फक्त डी५० नव्हती.

खडखडाट:

😀😀 गॅरेजकर, आता बॉडीचं सांगा. आखणी पिनिन फारिनाची असं सगळीकडे लिहितात पण मी घिया ह्या दुसऱ्या बॉडीवाल्यांच्या बोआनोचं नाव वाचलंय.

गॅरेजकर:

दोघंही. मूळ आखणीचं श्रेय बहुतेक जण घियाच्या मारिओ फेलिचे बोआनोला देतात, पहिल्या शंभरेक गाड्यांच्या बॉडी व्हिओत्तीने बांधल्या आणि मग पिनिन फारिनाने काम हातात घेऊन रेषा घासूनपुसून घेतल्या. दागिना एकही नाही त्या गाडीवर. छप्पर सुरू होतं काचेच्या वर आणि शेपटीपर्यंत एका दमात उतरतं. पुढे उघडी बी२४ स्पायडर पूर्णपणे पिनिन फारिनाची, तिला बाहेरून दरवाज्याला हँडलच नाही, आत हात घालून उघडायचं, काचा वर-खाली करायचा प्रश्नच नाही कारण काचाच नाहीत. फक्त २४० झाल्या. लिलावात दहा लाख डॉलरच्या पुढेही बोली गेलेली आहे. त्याच पिनिनफारिनाचे आजचे मालक आपले महिंद्रावाले आहेत हे इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल.

तिसरा गिअर:

शेवटचा प्रश्न, स्वप्नरंजनच आहे पण तरी. सहा सिरीज झाल्या म्हणता, घ्यायची तर कुठली?

खडखडाट:

तिसरी. १९५३ ची. इंजिन २४५१ सीसी झालं, ११८ हॉर्सपॉवर, १८० च्या वर पळायची, आणि वजन अजून वाढलेलं नव्हतं. ह्यावर तरी वाद नको.

गॅरेजकर:

वाद आहे! तिसरीपर्यंत मागे सेमी-ट्रेलिंग आर्मचं सस्पेन्शन होतं, रस्त्यावरच्या गाडीत ते पहिल्यांदा ऑरेलियातच आलं, पुढे बीएमडब्ल्यूने वर्षानुवर्षं वापरलं. पण जोरात वळताना अॅक्सिलरेटरवरचा पाय अचानक उचललात तर मागची चाकं तिरकी होऊन गाडी शेपूट फिरवायची, ब्राक्कोला चालायचं ते, आपल्या @तिसरा गिअरला चालायचं नाही. चौथीपासून मागे दे दिओन अॅक्सल आला, डिफरन्शिअल बॉडीलाच बांधलेलं पण दोन चाकं एका नळीने जोडलेली, त्यामुळे कायम सरळ उभी. पाचवी-सहावी जरा मऊ आणि जड, हॉर्सपॉवर ११० च्या आसपास आणली, पण खालच्या आरपीएमला ओढायला छान. रोज वापरायची तर सहावी, रेसला तिसरी, आणि एकच गाडी परवडणार असेल तर डोळे मिटून चौथी, उजव्या स्टीअरिंगची. नार्डीचा गिअर लावलेला असला तर विकणाऱ्याकडून मूळचा कॉलमचा दांडा आणि रॉड मागून घ्या, ते सुटे शोधत बसलात तर गाडीपेक्षा जास्त वेळ त्यातच जाईल.

पोहेवाली:

सिन्योरना विचारलं. त्यांची चौथी आहे. आणि खडखडाट यांना निरोप आहे की तिसरी त्यांच्या भावाकडे होती, ती झाडावर गेली.